लेहला पोहोचल्यावर पहिले दोन दिवस आराम का करायचा? उंचावरच्या प्रवासाची आणि ट्रेकची तयारी समजून घ्या

दर पावसाळ्यात सह्याद्रीतले पाच-सहा गड करणारा, कळसूबाई आरामात चढणारा एखादा गडी लेहला उतरतो. हॉटेलचा एक जिना चढतो आणि वरच्या पायरीवर कठडा धरून धापा टाकत उभा राहतो. संध्याकाळी डोकं ठणकायला लागतं, जेवणावरची वासना उडते. त्याला वाटतं, प्रवासाचा शीण असेल, नाहीतर विमानातलं खाणं बाधलं असेल. दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी खारदुंग ला कडे निघणार असते. पैसे भरलेले असतात, बाकीचे उत्साहात असतात. "मी ठीक आहे," असं म्हणून तोही गाडीत बसतो.

खरा धोका या वाक्यात असतो. लडाखला जाणाऱ्यांची जॅकेट, बूट, गॉगल यांची खरेदी महिनाभर आधी सुरू होते. पण उंचीवर सगळ्यात जास्त कामाला येणारी गोष्ट दुकानात मिळत नाही. ती म्हणजे दिवस. सहलीच्या आखणीत रिकामे ठेवलेले दोन-तीन दिवस. ते का लागतात आणि त्यांच्याभोवती बाकीची तयारी कशी करायची, ते समजून घेऊ.

वर गेल्यावर हवेत ऑक्सिजन कमी होतो का?

हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण सगळीकडे सारखंच, म्हणजे साधारण २१ टक्के असतं. मुंबईतही तेवढंच आणि लेहमध्येही तेवढंच. बदलतो तो हवेचा दाब. घरात गाद्या एकावर एक रचल्या की सगळ्यात खालची दबून घट्ट होते आणि वरची फुगीर राहते. हवेचंही तसंच आहे. समुद्रकाठी आपल्यावर सगळ्या वातावरणाचं ओझं असतं, त्यामुळे हवा दाट असते. वर जावं तशी ती विरळ होते.

लेह शहर साधारण ३,५०० मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास दोन-तृतीयांश असतो. म्हणजे श्वास तेवढाच घेतला, तरी हाती लागणारा ऑक्सिजन एक-तृतीयांशाने कमी. खारदुंग ला खिंडीत तो जवळपास निम्म्यावर येतो. तुलनेसाठी, महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे. म्हणजे लेहच्या विमानतळावर पाय ठेवताच माणूस कळसूबाईच्या जवळपास दुप्पट उंचीवर असतो, आणि तेही एक पाऊल न चढता.

शरीर या बदलाशी जुळवून घेतं, पण त्याला वेळ लागतो. पहिल्या काही तासांत श्वास जलद होतो, नाडी वाढते. जलद श्वासामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि रक्ताचं आम्ल-अल्काचं गणित बिघडतं. ते मूत्रपिंडं हळूहळू सावरतात, त्याला काही दिवस लागतात. म्हणूनच पहिल्या दिवसांत लघवी जास्त होते, आणि ते चांगलं लक्षण असतं. तांबड्या पेशी पुरेशा वाढायला तर काही आठवडे जातात. या जुळवून घेण्याला इंग्रजीत अॅक्लमटायझेशन म्हणतात. ट्रेकिंगवाले 'अॅक्लमटाइझ व्हायचंय' म्हणतात ते हेच.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. ही कमाई टिकत नाही. खाली आल्यावर काही आठवड्यांत शरीर पूर्वपदावर येतं. त्यामुळे "मागच्या वर्षी जाऊन आलोय, मला सवय आहे" याला अर्थ नाही. मागच्या वेळी त्रास झाला असेल तर मात्र ती माहिती महत्त्वाची आहे. पुन्हा तितक्याच घाईने वर गेलात, तर त्रास पुन्हा होण्याची शक्यता बरीच असते.

मी फिट आहे, मग मला त्रास होईल का?

होऊ शकतो. हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. चांगल्या तब्येतीमुळे चढताना दम कमी लागतो, गुडघे टिकतात, थकवा लवकर जातो. पण विरळ हवेशी जुळवून घेण्याचा वेग त्यामुळे वाढत नाही. उलट फिट माणूस पहिल्याच दिवशी धावपळ करतो आणि त्रासात सापडतो.

याचा पुरावा भारतीय लष्कराकडेच आहे. १९६२ च्या चीन युद्धाच्या काळात जवानांना घाईघाईने उंच सीमेवर पोहोचवावं लागलं. पुढे डॉ. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा उंचीवर आजारी पडलेल्या १,९२५ जवानांचा अभ्यास १९६९ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध केला. उंचीवरच्या आजारावरचा तो जगभरात मानला जाणारा अभ्यास आहे. त्यातले रुग्ण १८ ते ५३ वयाचे, कसलेले सैनिक होते.

त्या अनुभवातून लष्कराने शिस्त घालून घेतली. उंचीवर जाणाऱ्या जवानाला साधारण ९,००० ते १२,००० फुटांच्या टप्प्यात सहा दिवस, १५,००० फुटांपर्यंत आणखी चार दिवस आणि त्याच्या वर जायचं तर पुन्हा चार दिवस थांबवलं जातं. पहिले दोन दिवस जवळपास पूर्ण आराम असतो. म्हणजे रोज कवायत करणारा जवान १५,००० फुटांच्या वर जाण्यासाठी दोन आठवडे घेतो, आणि ऑफिसात खुर्चीवर बसणारा पर्यटक दुसऱ्या दिवशी साडेसतरा हजार फुटांवर रील काढायला जातो.

गणित झोपेच्या उंचीचं

उंचीवर दिवसभरात तुम्ही कुठपर्यंत गेलात यापेक्षा रात्री कुठे झोपलात हे जास्त महत्त्वाचं असतं. झोपेत श्वास मंदावतो, शरीराला ऑक्सिजन आणखी कमी मिळतो आणि त्या अवस्थेत सहा-आठ तास काढायचे असतात.

गिर्यारोहणाच्या वैद्यकशास्त्रात मानला जाणारा नियम असा: ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर जास्तीची काढावी. दिवसा वर जाऊन रात्री खाली येऊन झोपायला हरकत नाही, ते फायद्याचंच आहे.

आता लडाखच्या ठिकाणांच्या अंदाजे उंची याच नजरेने पाहा:

• मनाली – २,०५० मीटर
• कारगिल – २,७०० मीटर
• जिस्पा – ३,२०० मीटर
• नुब्रा खोऱ्यातलं डिस्किट, हुंदर – ३,१०० मीटर
• लेह – ३,५०० मीटर
• पँगाँग सरोवराचा काठ – सव्वाचार हजार मीटरच्या आसपास
• सरचू – ४,३०० मीटर
• त्सो मोरिरी – ४,५०० मीटर
• खारदुंग ला आणि चांग ला – दोन्ही ५,३५० मीटरच्या पुढे

(लडाखी भाषेत 'ला' म्हणजे खिंड आणि 'त्सो' म्हणजे सरोवर. खारदुंग ला इथल्या फलकावर अनेक वर्षं १८,३८० फूट लिहिलेलं होतं. प्रत्यक्ष मोजणीत ती ५,३५९ मीटर, म्हणजे १७,५८२ फूट भरते. शरीरासाठी तेवढीही पुष्कळ आहे.)

या यादीतली एक गंमत बघा. नुब्रा खोरं लेहपेक्षा खाली आहे. तिथे झोपणं लेहपेक्षा सोपं जातं, फक्त वाटेत खारदुंग ला ओलांडावी लागते. पँगाँग मात्र लेहपेक्षा सातशे-आठशे मीटर वर आहे. त्यामुळे आधी नुब्रा आणि शेवटी पँगाँग हा क्रम शहाणपणाचा.

लेहला जायचं कसं: विमानाने की रस्त्याने?

विमान सगळ्यात सोपं आणि शरीरासाठी सगळ्यात अवघड. काही तासांत समुद्रसपाटीवरून थेट ३,५०० मीटर. एका दिवसात २,८०० मीटरच्या वर जाऊन झोपणं हे डॉक्टर जोखमीचंच धरतात. विमानाने जाऊ नये असं नाही, पण मग लेहमध्ये दोन पूर्ण दिवस, जमल्यास तीन, राखून ठेवायलाच हवेत.

श्रीनगरकडून येणारा रस्ता सगळ्यात सावकाश चढतो. श्रीनगर १,६०० मीटरच्या आत आहे. तिथून झोजी ला ओलांडून द्रास, कारगिलला मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी फोटू ला मार्गे लेह. शरीराला मधली पायरी मिळते.

मनालीकडचा रस्ता देखणा, पण फसवा आहे. ३ ऑक्टोबर २०२० ला अटल बोगदा सुरू झाल्यापासून मनालीहून लाहौलमध्ये पोहोचणं झटपट झालं. त्यामुळे बरेच जण पहिल्याच दिवशी सरचू गाठतात आणि तिथल्या तंबूत झोपतात. मनाली ते सरचू म्हणजे एका दिवसात झोपण्याच्या उंचीत दोन हजार मीटरहून जास्त वाढ. रात्रभर डोकेदुखी आणि उलट्या झाल्याच्या कहाण्या बहुतेक याच मुक्कामाच्या असतात. त्याऐवजी केलाँग किंवा जिस्पाला एक, शक्य असेल तर दोन रात्री काढायच्या आणि मग पहाटे लवकर निघून लेह गाठायचं. तो दिवस लांबचा होतो, वाटेत बारालाचा ला आणि तांगलांग ला या उंच खिंडी येतात, पण रात्री झोपायला तुम्ही लेहच्या उंचीवर असता.

पँगाँगवरून 'खाली उतरायचं' म्हणजे काय?

उंचीचा त्रास वाढला की पहिला उपाय म्हणजे खाली उतरणं. पण नकाशा पाहिल्याशिवाय या वाक्याचा अर्थ कळत नाही.

पँगाँगच्या काठी रात्री दोन वाजता कुणाची तब्येत बिघडली आणि गाडी लेहकडे निघाली, तर नेहमीचा रस्ता चांग ला वरून जातो. म्हणजे सव्वाचार हजार मीटरवर ज्याला श्वास घेता येत नाही, त्याला आधी पाच हजार तीनशे मीटरच्या वर न्यावं लागतं. नुब्राकडे श्योक नदीकाठचा रस्ता मोठी खिंड न ओलांडता उतरत जातो, पण पाणी वाढलं की तो जागोजागी खराब होतो. लेहमध्येही तसंच. रस्त्याने बाहेर पडायचं म्हटलं तर दोन्ही बाजूंना खिंडी आहेत.

म्हणून पँगाँगला मुक्काम करण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारायचा: आधीच्या दोन रात्री डोकेदुखीशिवाय गेल्या का? उत्तर 'नाही' असेल, तर मुक्काम सोडायचा. सरोवर दिवसा पाहून परतता येतं. अलीकडच्या तांगत्से गावात झोपलं तरी दोन-अडीचशे मीटर वाचतात. आणि मुक्काम करायचाच असेल, तर गाडीत भरलेला ऑक्सिजन सिलिंडर, मास्क आणि नळी आहे का, हे लेहमधून निघतानाच डोळ्यांनी बघून घ्यायचं.

विमानाने जाणाऱ्यांसाठी नऊ दिवसांची एक समंजस आखणी अशी होऊ शकते:

दिवस १ – लेह. हॉटेलबाहेर पडायचं नाही. जिनेही कमीत कमी.
दिवस २ – लेह. बाजारात सावकाश फेरफटका, शांती स्तूपापर्यंत गाडीने.
दिवस ३ – निमूजवळ सिंधू-झंस्कार संगम, आलची. हा भाग लेहपेक्षा थोडा खालचा आहे. रात्री लेह.
दिवस ४ – खारदुंग ला मार्गे नुब्रा. खिंडीत पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं नाही.
दिवस ५ – नुब्रा.
दिवस ६ – श्योकच्या काठाने तांगत्से किंवा पँगाँग.
दिवस ७ – चांग ला मार्गे लेह.
दिवस ८ – राखीव.
दिवस ९ – परतीचं विमान.

राखीव दिवस दोन कारणांसाठी. कुणाची तब्येत बिघडली तर आखणी पुढे सरकवता येते. आणि लेहची विमानं बहुतेक सकाळीच सुटतात, दुपारी वारे वाढतात. हवामान बिघडलं की उड्डाण रद्द होतं.

त्रास कसा ओळखायचा?

उंचीच्या आजाराचे तीन प्रकार आहेत. पहिला सौम्य, बाकी दोन जीवघेणे.

एक, अॅक्युट माउंटन सिकनेस. पोहोचल्यापासून साधारण सहा ते बारा तासांत सुरू होतो. डोकेदुखी हे मुख्य लक्षण. त्यासोबत मळमळ, भूक नसणं, चक्कर, गळून गेल्यासारखं वाटणं. दारूच्या दुसऱ्या दिवशीच्या उतरणीसारखंच वाटतं. त्याच उंचीवर आराम केला, तर बहुतेकांना एक-दोन दिवसांत बरं वाटतं. अट एकच: बरं वाटेपर्यंत आणखी वर जायचं नाही.

दोन, फुप्फुसात पाणी होणं. हे बहुधा दुसऱ्या ते चौथ्या रात्री सुरू होतं आणि सगळ्यात जास्त मृत्यू यानेच होतात. बसल्या जागी धाप लागणं, कोरडा खोकला, थोडं चालल्यावरही प्रचंड थकवा, ओठ आणि नखं निळसर होणं, छातीत घरघर, शेवटी गुलाबी फेस. चालताना दम लागणं उंचीवर सगळ्यांनाच होतं. बसून राहिल्यावरही दम जात नसेल, तर ती धोक्याची घंटा.

तीन, मेंदूला सूज येणं. माणूस बरळतो, गोंधळतो, विचित्र वागतो, गुंगीत जातो, तोल जातो. सोपी चाचणी अशी: जमिनीवर सरळ रेषेत, एका पायाच्या अंगठ्याला दुसऱ्या पायाची टाच लावत दहा पावलं चालायला सांगायचं. तोल जात असेल तर त्याला 'झोपू दे, सकाळी बघू' म्हणायचं नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या प्रकारात सकाळची वाट बघायची नसते. ऑक्सिजन लावायचा, लगेच खाली न्यायचं आणि दवाखाना गाठायचा. लेहमधलं सोनम नोरबू स्मृती रुग्णालय असे रुग्ण दरवर्षी हाताळतं, तिथे जायला संकोच करू नये.

रात्री झोपेत श्वास थांबून पुन्हा जोरात सुरू होणं आणि दचकून जाग येणं हे उंचीवर बऱ्याच जणांना होतं. ते घाबरवणारं असलं, तरी बाकी लक्षणं नसतील तर सहसा धोक्याचं नसतं.

डायमॉक्स, कापूर, ऑक्सिजनचा कॅन: काय उपयोगाचं?

डायमॉक्स, म्हणजे अॅसिटाझोलामाइड, हे प्रतिबंधासाठी खरोखर उपयोगी औषध आहे. ते लक्षणं दडपत नाही, जुळवून घेण्याची क्रिया लवकर घडवून आणतं. डॉक्टर बहुधा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, वर जाण्याच्या आदल्या दिवसापासून सुरू करायला सांगतात. बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं, सोड्याची चव बेचव लागते. सल्फाची अॅलर्जी, मूत्रपिंडाचा आजार किंवा गरोदरपण असेल तर स्वतःच्या मनाने घ्यायचं नाही. आणि डायमॉक्स घेतलं म्हणून आरामाचे दिवस कापायचे नाहीत.

कापराची पुरचुंडी हुंगल्याने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, पण रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही. फवाऱ्यासारखा छोटा ऑक्सिजन कॅन काही मिनिटांत संपतो. त्यावर विसंबून खिंड ओलांडायची नाही. तो विमानाच्या सामानात नेताही येत नाही.

करोनाच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर न्यायला हरकत नाही, पण त्याचे आकडे जपून वाचायचे. लेहमध्ये ८५ ते ९० च्या आसपास आकडा दिसणं नेहमीचं आहे. त्याने घाबरायचं नाही. आणि आकडा बरा आहे म्हणून लक्षणांकडे दुर्लक्षही करायचं नाही. बोट गार असेल तर आकडा चुकतो, आधी हात चोळून गरम करायचे.

पाणी भरपूर प्यायचं, लघवी फिकट राहील इतकं. पण पाच-सहा लिटर ढोसण्याचा हट्ट नको. त्याने रक्तातलं मीठ कमी होऊन वेगळंच संकट येतं. पहिले दोन-तीन दिवस दारू आणि झोपेच्या गोळ्या पूर्ण बंद, कारण दोन्हींनी श्वास मंदावतो. जेवण हलकं, भात-पोळी-बटाटा-थुक्पा असं पिष्टमय.

कुणी आधी डॉक्टरांना भेटायलाच हवं?

हृदयविकार, फुप्फुसाचा जुना आजार, ताब्यात नसलेला रक्तदाब किंवा मधुमेह, गरोदरपण आणि पूर्वी उंचीवर त्रास झालेले लोक. नुकताच जोराचा सर्दी-खोकला, ताप झाला असेल तर सहल पुढे ढकललेली बरी, कारण फुप्फुसात पाणी होण्याचा धोका त्याने वाढतो.

महाराष्ट्रातल्यांसाठी आणखी एक मुद्दा. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत सिकलसेलचं प्रमाण जास्त आहे. सिकलसेलचे रुग्ण तर जोखमीत असतातच, पण नुसता वाहक असलेल्या, एरवी ठणठणीत माणसालाही उंचीवर प्लीहेला इजा होऊन डाव्या बरगडीखाली तीव्र वेदना होऊ शकतात. कुटुंबात कुणाला सिकलसेल असेल, तर निघण्याआधी रक्ततपासणी करून घ्यावी.

खूप लहान मुलांना नेताना दोनदा विचार करावा. त्यांना डोकं दुखतंय हे सांगता येत नाही. चिडचिड, न खाणं, न खेळणं हीच त्यांची लक्षणं.

ट्रेकला जायचं असेल तर?

पहिला ट्रेक असेल तर शाम खोरं निवडावं. लिकीर, यांगथांग, हेमिस शुकपाचन, तेमिसगाम अशी तीन-चार दिवसांची वाट, घरगुती मुक्काम, आणि उंची चार हजार मीटरच्या आत. मारखा खोऱ्याचा ट्रेक मोठा आहे. त्यात शेवटी कोंगमारू ला ही ५,२०० मीटरच्या पुढची खिंड आहे. तिच्या अलीकडे निमालिंगचा तळ ४,७०० मीटरच्या वर आहे. हांकर गावातून एका दमात निमालिंग गाठण्याऐवजी मध्ये थाचुंगत्सेला रात्र काढली, तर झोपेच्या उंचीचा नियम पाळला जातो.

तयारी आठ-दहा आठवडे आधी सुरू करावी. रोज पाऊण तास भरभर चालणं, आठवड्यातून दोन-तीनदा जिने, आणि सुट्टीच्या दिवशी पाठीवर सहा-आठ किलोची सॅक घेऊन एखादा गड. गड उतरण्याचा सराव विशेष कामाचा, कारण गुडघे उतारावर जातात. प्रत्यक्ष ट्रेकमध्ये मात्र वेग असा ठेवायचा की चालताना बोलता आलं पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे.

लडाख हे थंड वाळवंट आहे. जुलैच्या दुपारी उन्हात टी-शर्ट पुरतो आणि त्याच रात्री उंच तळावर पाणी गोठतं. म्हणून एक जाडजूड जॅकेट नेण्यापेक्षा थर न्यावेत: आत घाम शोषून लवकर वाळणारा कपडा, मध्ये लोकर किंवा फ्लीस, बाहेर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट. जीन्स आणि सुती बनियन घरी ठेवावेत, ओले झाले की वाळत नाहीत. कानटोपी, हातमोजे, मोज्यांचे जास्तीचे जोड, हेडलॅम्प. बूट नवे असतील तर निघण्याआधी पन्नास-साठ किलोमीटर तरी वापरलेले हवेत.

ऊन फसवं असतं. दर हजार मीटरला अतिनील किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात. थंडी वाजत असतानाच कातडी भाजते. सनस्क्रीन, ओठांचं मलम आणि चांगला गॉगल हवाच. बर्फावर गॉगलशिवाय चाललं तर डोळे तात्पुरते आंधळे होऊ शकतात.

वाटेत ओढे ओलांडायचे असतील तर सकाळीच. दिवसभर बर्फ वितळतं आणि सकाळी घोट्याइतकं असलेलं पाणी दुपारी मांडीपर्यंत येतं. पाण्यात उतरताना सॅकचा कमरेचा पट्टा सोडायचा, म्हणजे पाय घसरला तर सॅक टाकता येते.

निघण्याआधीची छोटी कामं

• बाहेरच्या राज्यातली प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाहीत. गटात निदान दोघांकडे वेगवेगळ्या कंपन्यांची पोस्टपेड सिम असावीत. नकाशे ऑफलाइन उतरवून घ्यावेत.
• लेहबाहेर एटीएमचा भरवसा नाही. रोख रक्कम लेहमध्येच काढावी.
• ओळखपत्र मूळ प्रत आणि झेरॉक्स. सीमाभागातल्या परवानग्या आणि शुल्काचे नियम बदलत असतात, लेह प्रशासनाच्या संकेतस्थळावर निघण्याच्या आठवड्यात पुन्हा तपासावेत.
• प्रवास विम्यात उंचीची मर्यादा वाचावी. काही पॉलिसी ठरावीक उंचीच्या वर ट्रेक धरत नाहीत.
• पॉवर बँक हातातल्या बॅगेत. थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते, रात्री फोन स्लीपिंग बॅगमध्ये घ्यावा.
• पाण्याची स्वतःची बाटली. तिथला प्लास्टिकचा कचरा कुजत नाही आणि कुणी उचलायलाही येत नाही.

शेवटचं काम: निघण्याआधी गटात तीन गोष्टी ठरवा

औषधं, कपडे, आखणी सगळं नीट असूनही माणसं अडकतात, कारण आजारी माणूस गप्प बसतो. आपल्यामुळे बाकीच्यांची सहल बिघडेल, पैसे बुडतील, लोक हसतील, ही भीती त्याला असते. ती निघण्याआधीच काढून टाकायला हवी.

पहिली गोष्ट, जोड्या लावा. रोज सकाळ-संध्याकाळ जोडीदाराला विचारायचं: डोकं दुखतंय का, जेवलास का, झोप लागली का.

दुसरी, उंचीवर कसलाही त्रास झाला तर तो उंचीचाच धरायचा, दुसरं कारण नक्की सिद्ध होईपर्यंत. 'काल पराठा खाल्ला होता' हे कारण चालणार नाही.

तिसरी, एकाला त्रास असेल तर तो वर जाणार नाही आणि एकटाही राहणार नाही. त्याच्यासोबत कोण थांबणार हे नाव आधीच ठरलेलं असावं. आणि त्रास वाढत असेल, तर वेळ कुठलीही असो, उतरायचं.

हे तिन्ही नियम व्हॉट्सअॅप ग्रुपवर तिकिटांच्या फोटोशेजारी लिहून ठेवा. खारदुंग ला पुढच्या वर्षीही तिथेच असणार आहे.